घोंगडीवरचा गुडघा

माझं रक्त माझ्याच अंगाखाली गरम गरम पसरत होतं आणि जांघेवर कुणीतरी गुडघा देऊन बसलं होतं.

हलायची सोय नव्हती. उजवा पाय घोट्यापाशी पट्टीनं पलंगाच्या दांडीला बांधलेला. दोन्ही बाजूंचे कठडे वर केलेले. एका हातात सलाईन, दुसऱ्या हाताच्या बोटाला चिमटा. बेलचं बटण उशीमागं कुठंतरी लोंबत होतं, ते सापडेना. ओरडायला तोंड उघडलं तर आवाज चिरका, शेळीच्या करडासारखा. आणि तो गुडघा दाबतच होता...

भरदुपार होती. खिडकीतून ऊन आत आलेलं. माझे डोळे सताड उघडे होते. जांघेकडं बघितलं तर नुसती काळी घोंगडी दिसली, आणि घोंगडीत एक खळगा. वर कुणी नाही. पण वजन होतं. चांगलं जड, हाडाचं.

"ऊठ," मी म्हणाले. "ऊठ गं माझ्यावरनं. जीव घेतीस का?"

तो गुडघा थोडा फिरला आणि आणखी खाली रुतला.

आता मागचं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारी बरळते. तुमच्या या सदरात लोक काय काय लिहितात, ते मी चष्मा लावून वाचते आणि बऱ्याचदा हसते. कुणाला पांढऱ्या साडीतली बाई दिसते, कुणाला विहिरीवर हाका ऐकू येतात. मी चौथी शिकलेली बाई आहे, पण मला कधी काही दिसलं नाही. मेंढरांमागं रानात, माळावर, स्मशानाच्या कडेला झोपले आहे. एकदा गावात एका बाईच्या अंगात आलं आणि ती माझ्याच केसांना झोंबायला लागली, तेव्हा मी तिच्या डोक्यावर पाण्याची घागर उपडी केली. देव लगेच गेला. तेव्हा माझ्याकडून असं काही लिहून होईल, असं मलाच वाटलं नव्हतं.

आम्ही अंथुर्ण्याचे, इंदापूर तालुक्यातले. सासऱ्यांच्या वेळेपर्यंत घरात मेंढरं होती. पावसाळा सरला की कळप घेऊन बाहेर पडायचं, ते उन्हाळ्याच्या अखेरीला परत. मग कालव्याचं पाणी आलं, रान भिजलं, मेंढरं विकली आणि ऊस लावला. आता आमच्याकडं मेंढीची आठवण म्हणून एकच वस्तू आहे, माझ्या सासूची काळी घोंगडी. आमच्याच मेंढरांची लोकर, म्हातारीनं स्वतः कातरलेली. घरातलं कुणी बाळंतपणाला गेलं, दवाखान्यात गेलं, की ती घोंगडी बरोबर जाते. का, ते विचारू नका. जाते. माझ्या तिन्ही बाळंतपणांना होती. सुनीताच्या, म्हणजे माझ्या सुनेच्या दोन्ही वेळेला होती.

गेल्या थंडीत मला चालताना छाती भरून यायला लागली. गोठ्यातून घरापर्यंत आले की बसावं लागायचं. मुलानं बारामतीला नेलं. दवाखान्याचं नाव घालत नाही. त्यांचा दोष नव्हता, दोष आमच्या घोंगडीचा होता, ते पुढं येईलच. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची नळी चोंदली आहे, तार घालून उघडू आणि आत जाळी बसवू. आधी मनगटातून बघितलं. माझ्या मनगटातली शीर बारीक, तार पुढं जाईना. मग म्हणाले, "आजी, जांघेतून करावं लागेल."

"करा," मी म्हणाले. "मेंढराची नाडी पण तिथनंच बघत्यात."

त्यांना ते कळलं नाही, पण ते हसले.

जाळी बसली. मला कळत होतं सगळं, गुंगी नव्हती. जांघेतली नळी काढल्यावर एका मुलानं तिथं बराच वेळ दाबून धरलं, मग जाड पट्टी मारली आणि वर वाळूची पिशवी ठेवली. सिस्टरनं बजावलं, "आजी, पाय सरळ. वाकवायचा नाही, उठायचं नाही, खोकला आला तर इथं हातानं दाबायचं. रक्त पातळ करायचं औषध दिलंय, जखम लवकर धरत नाही."

ऐकलं मी. पण आमची बसायची सवय एक गुडघा वर घेऊन. झोपले तरी पाय आपोआप दुमडतो. दोनदा दुमडला. दोनदा सिस्टर ओरडली. तिसऱ्यांदा तिनं घोट्याला पट्टी बांधली आणि टोक दांडीला अडकवलं.

"कातरायला पाडल्यागत केलं की गं मला," मी म्हणाले.

सुनीता पदराआड हसली. तिलाही माहीत आहे, मेंढी कातरताना पाय बांधतात.

त्या खोलीत एसी असा लावलेला की दात वाजायचे. दवाखान्याची चादर म्हणजे नुसतं नाव. सुनीतानं पिशवीतून घोंगडी काढली. वाळूची पिशवी उचलली, घोंगडी दुहेरी करून माझ्यावर घातली, आणि पिशवी होती तशी वर ठेवून दिली. तिच्या हिशेबानं सगळं जागच्या जागी. पण घोंगडीवर कुठली वस्तू राहते? लोकरीचा उंचवटा, त्यावर गुळगुळीत पिशवी. ती कधी घसरली आणि उजव्या कठड्याच्या सांदीत जाऊन पडली, ते मलाही कळलं नाही, कारण उठून बघायची मला मनाई होती. सुनीता म्हणाली, "आत्या, मी दोन घास खाऊन येते. ह्ये गोळ्या आणायला गेल्यात, येतीलच." आमच्याकडं सून सासूला आत्या म्हणते. मी म्हणाले, जा.

नंतर एक ब्रदर आला. बिचारा चांगला होता. यंत्रावरचे आकडे बघितले, मग घोंगडीला हात घातला.

"आजी, पट्टी बघू द्या."

मी घोंगडी धरली. "सिस्टरला पाठव."

"मी पण तेच काम करतो, आजी."

"करत असशील बाबा. पर मी न्हाय दाखवायची."

"काही त्रास? ओलं लागतंय?"

"न्हाय."

खरंच नव्हतं लागत तेव्हा. तो म्हणाला, बरं, सिस्टरला सांगतो. आणि गेला. सिस्टरला मात्र त्याच वेळी शेजारच्या खोलीत पळावं लागलं. तिकडं कुणाचं तरी यंत्र ओरडत होतं. दार बंद झालं.

मग मला शिंक आली. एकच. जांघेत काहीतरी तुटल्यासारखं झालं, आतल्या आत, कळ नाही, नुसता एक धक्का. आणि मग ऊब. आधी वाटलं, लघवी झाली. शरमेनं गप्प राहिले. ऊब कमरेखाली गेली, पाठीखाली गेली, आणि लघवीचा वास येईना. लोखंडाचा वास यायला लागला. तो वास मला चांगला माहीत आहे.

घाम फुटला. एसीत घाम. कान बंद झाल्यासारखे झाले, छताचा पंखा लांब गेला. पाठीत, कमरेच्या वर, कुणी पहार घातल्यासारखं दुखायला लागलं. मी बेल शोधली. हात उशीमागं नेला तर सलाईनची नळी ताणली. घोंगडीकडं बघितलं, काळी ती काळी, काही दिसेना. बाहेरून कुणी डोकावलं असतं तर वाटलं असतं, आजी निवांत पडली आहे.

मरायची मला फार भीती नाही. वय झालं आहे. पण पाय बांधून, छताकडं बघत, कुणाला पत्ता न लागता रिकामं व्हायचं... हे मला नको होतं. पट्टी तोडायला म्हणून मी पायाला हिसडा दिला.

आणि तेव्हाच गुडघा बसला.

पहिल्यांदा वाटलं, वाळूची पिशवीच जड लागते आहे. पण पिशवीचं वजन पसरट असतं. हे एका जागी होतं. जखमेच्या थोडं वर, पोट आणि मांडी जिथं मिळते तिथं. दाबलं, मग जरा फिरवलं, खुंटी ठोकल्यावर हलवून बघावी तसं, आणि मग सगळा भार सोडला.

त्या फिरवण्यावरून मी ओळखलं.

लग्न होऊन वर्ष झालं नसेल. सोमेश्वरनगरच्या बाजूला वाडा होता आमचा. वाडा म्हणजे मेंढरांचा, जाळीचं कुंपण घातलेला. बाभळीचा काटा माझ्या मांडीत मोडला. मी कुणाला हात लावू देईना. म्हातारीनं, माझ्या सासूनं, मला सरळ जमिनीवर पाडलं, मांडीवर गुडघा दिला, एकदा फिरवला आणि सुईनं काटा काढला. मी तिला चावले. ती उठली नाही. मेंढीलाही ती तशीच धरायची. मेंढीला वाटतं, आता मान कापणार, म्हणून ती तडफडते, आणि जितकी तडफडते तितका गुडघा रुततो.

मीही तेच केलं. हातानं ढकलायला गेले तर हाताला नुसती लोकर लागली, खाली खळगा. खळग्यात बोटं गेली नाहीत. जागा रिकामी होती, पण बोटं आत जात नव्हती. आता हे तुम्हाला कसं सांगू? मला जसं लागलं तसं लिहिते.

मी शिव्या दिल्या. जिवंतपणी कधी तोंडावर दिल्या नव्हत्या त्या सगळ्या दिल्या. "ऊठ सटवे! आयुष्यभर माझ्या उरावर बसलीस, आता तरी ऊठ! श्वास घिऊ दे मला!" आवाज कसाबसा निघत होता, पण निघत होता. मला वाटत होतं, ही मला घ्यायला आली आहे. रक्त जातं आहे ते हिच्यामुळंच. ही उठली तर मी सुटेन. दुसरा विचारच डोक्यात नव्हता. खाली गादी ओली, वर ती, बाजूला कठडे. त्या वेळेला मला कुणी कुऱ्हाड दिली असती तर मी माझाच पाय तोडून निघाले असते.

शेजारच्या पलंगावर, पडद्यापलीकडं, हौसाबाई म्हणून एक माझ्याच वयाची बाई होती. तिनं बेल दाबली. मला वाचवायला नाही. ती नंतर स्वतःच म्हणाली, "डोळ्याला डोळा लागू देईना ह्यांचं भांडण." सिस्टर आली तेव्हा हौसाबाई पडद्याआडून सांगत होती, "ताई, त्या दोघींना गप करा की. दवाखाना हाय का बाजार?"

"दोघी कोण, मावशी?"

"ती आन् तिची सून."

सिस्टर माझ्याकडं आली. माझा चेहरा बघितला आणि काही न विचारता घोंगडी ओढली. गुडघा सुटला. सुटल्याबरोबर रक्त असं उसळलं की सिस्टरच्या कोपरापर्यंत उडालं.

मग खूप पाय धावले. पलंगाचं डोकं खाली गेलं. डॉक्टर आले. त्यांनी जांघेकडं बघितलं.

"इथं कुणी दाबून धरलं होतं?"

"नाही सर. मी आत्ताच आले."

"मग हा खळगा कसला?"

मी मान उचलून बघायचा प्रयत्न केला, तर कुणीतरी मान खाली दाबली. डॉक्टरांनी त्याच जागी दोन्ही तळवे ठेवले आणि अंगाचा सगळा भार दिला. मी किंचाळले. ते म्हणाले, "आजी, शिव्या द्या, काय वाटेल ते म्हणा, पण मी हात काढणार नाही."

दिल्या मी. त्यांनी काढला नाही.

रक्त चढवलं. पोटाची तपासणी झाली, आत किती साठलं आहे ते बघायला. बराचसा भाग काळानिळा झाला होता, कमरेपासून गुडघ्यापर्यंत. मोठं ऑपरेशन करावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टर खुर्ची ओढून बसले आणि मला समजावून सांगितलं. शीर जिथं टोचतात ते भोक चामडीवरच्या भोकाच्या थोडं वर असतं. दाबायचं ते वर. खाली दाबलं तर रक्त आतल्या आत पाठीकडं जातं आणि बाहेर कळतही नाही. माझ्या पाठीत कळ आली ती त्यामुळंच. थोडं रक्त तिकडं गेलं होतं. फार गेलं नाही.

"का न्हाय गेलं?" मी विचारलं.

"नशीब तुमचं. वाळूची पिशवी बरोबर जागी असणार, नंतर सरकली."

मी त्यांना गुडघ्याचं सांगितलं. ते हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाले, रक्त कमी झालं की मेंदू काहीबाही दाखवतो. शिवाय जांघेत रक्ताची गाठ धरली की ती दगडासारखी लागते, कुणी दाबतं आहे असंच वाटतं. मला पटलं. अजूनही पटतं. लोकरीचा वास आला होता, तो घोंगडीचाच असणार. हौसाबाईला दोघी वाटल्या, ते मी वेगवेगळ्या आवाजात बोलले असेन.

फक्त वाळूची पिशवी सिस्टरला कठड्याच्या सांदीत सापडली, ती कोरडी ठणठणीत होती. घोंगडी वरपर्यंत भिजली होती, पण पिशवीवर एक थेंब नव्हता. म्हणजे रक्त यायच्या आधीच ती घसरली होती. हे मी डॉक्टरांना म्हटलं. त्यांनी खुर्ची मागं सारली. मग म्हणाले, "पुढच्या वेळी घोंगडी घरी ठेवा, आजी. काळ्या कापडावर रक्त दिसत नाही. आणि तपासायला आलेल्याला हाकलू नका, तो बाई असो की बुवा." मी कबूल केलं. हे वाचणाऱ्या बायांनीही ध्यानात ठेवावं. शरम जिवंत माणसाला असते.

हौसाबाईनं माझी पाठ सोडली नाही.

"कुणाशी भांडत होता ओ तुमी? सून तर खाली जेवत हुती म्हणं."

"सून न्हाय. सासू."

"आँ? त्या कवा आल्या?"

"तिला जाऊन लई वर्सं झाली."

हौसाबाईनं पदर तोंडाला लावला. संध्याकाळी तिचा पलंग दाराजवळ नेलेला होता. सिस्टर म्हणाली, त्यांना तिकडं हवा बरी लागते.

घरी आल्यावर सुनीतानं घोंगडी धुवायला काढली. आधी तिनं ती परसात दोरीवर उन्हात टाकली आणि मला हाक मारली. "आत्या, हिकडं या. ह्ये बघा."

रक्त वाळून लोकर कडक झाली होती, हाताला काट्यासारखी लागत होती. मधोमध एक जागा मऊ होती. गोल, भाकरीपेक्षा लहान, वाटीपेक्षा मोठी. तिथं रक्त पोचलंच नव्हतं. लोकर बसलेली, दाबून दाबून चपटी झालेली, पण कोरडी. पिशवी चौकोनी होती. मी माझा गुडघा लावून बघावा असं सुनीताच्या मनात होतं, ते मला तिच्या तोंडावर दिसलं. मी लावला नाही. म्हणाले, "धू."

तिनं धुतली. पाणी लाल गेलं, मग गुलाबी, मग साधं. वाळल्यावर घोंगडी सगळीकडं सारखी. आता दाखवायला काहीही नाही. तुम्ही म्हणाल, पुरावा काय, तर नाही.

एक गोष्ट मात्र मला सुटत नाही. तिनं हे माझ्यासाठी का करावं? आमचं पटत नव्हतं. मी तापानं फणफणले असताना पाणी मागितलं तर म्हणायची, हात मोडलेत का तुझे? ती गेली तेव्हा मी रडले नाही, आणि तिलाही ते आवडलं नसतं. प्रेमानं यायची ती बाई नव्हे. पण कुणी तडफडायला लागलं की तिचा गुडघा आपोआप जायचा, एवढं मात्र खरं.

त्याच वाड्यावर एकदा कुत्र्यांनी एका मेंढीची मांडी फाडली होती. रक्ताची धार लागलेली. सासरे म्हणाले, सोड, ती जाणार. म्हातारीनं फाटलेल्या जागेच्या वर गुडघा दिला आणि तशीच बसून राहिली. मी हळद आणून दिली. भाकरी आणून दिली, ती तिनं तिथंच बसून खाल्ली. मेंढी सुटायला बघत होती, डोळे पांढरे करत होती. म्हातारी तिला म्हणाली, "गप पड. मरायचं असंल तर मी उठल्यावर मर."

हे मी परवा सुनीताला सांगितलं. आम्ही दोघी शेंगा फोडत बसलो होतो. जांघेतला काळा डाग पिवळा पडून गेला आहे, गोठ्यापर्यंत मी आता न थांबता जाते. सुनीतानं शेंगा खाली ठेवल्या.

"मग, आत्या? जगली का ती मेंढी?"

"न्हाय. म्हातारी उठली, आन् मेंढी मेली."

मी जगले.